लोखंडाले एवढे पैसे?

तळेगावात हल्ली कोणाला वेळ विचारली की तो मनगटाकडे बघत नाही, खिशात हात घालतो. मोबाइल काढतो, आलेले दोन-चार निरोप वाचतो, एखाद्याला अंगठा दाखवतो आणि मोबाइल परत खिशात टाकतो. वेळ सांगायची राहूनच जाते. त्याचाही दोष नाही. नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचं हे गाव. आर्वीचा आणि आष्टीचा रस्ता इथूनच फुटतो, एस.टी.चं आगार इथंच. इथल्या माणसाला किती वाजले यापेक्षा आर्वीची गेली का, एवढं कळलं की पुरतं.

अशा गावच्या पानठेल्यावर मी स्वित्झर्लंडची गोष्ट सांगायला गेलो. २०१६ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला एका जुन्या मनगटी घड्याळाचा लिलाव झाला. पाटेक फिलिप कंपनीचं, १५१८ नंबरचं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. बोली थांबली तेव्हा भाव निघाला होता एक कोटी दहा लाख स्विस फ्रँक, म्हणजे तेव्हाच्या दरानं आपले सत्तर कोटींच्या वर. ऐकणाऱ्यांनी पानाचा तोबरा सांभाळत माना डोलावल्या.

"सोन्याचं असन," ओळखीचे एक कास्तकार म्हणाले.

"नाही काकाजी, स्टीलचं. सोन्याचं असतं तर पुष्कळ स्वस्तात गेलं असतं."

काकाजींनी माझ्याकडे नीट बघितलं. "लोखंडाले एवढे पैसे? अन् सोनं स्वस्त? भाऊ, तुम्ही उनातून तं नाई आले?"

प्रश्न रास्त होता. उत्तर देता देता पान संपलं, पण उत्तर संपलं नाही. म्हणून ते इथं लिहितो आहे.

१५१८ हे घड्याळ कंपनीनं १९४१ साली आणलं. त्यात स्टॉपवॉच होतं, चंद्राच्या कला होत्या आणि वर कायमचं कॅलेंडर. महिना तिसाचा की एकतिसाचा, फेब्रुवारी अठ्ठाविसाचा की एकोणतिसाचा, हे सगळं त्याला पाठ. सेल नाही, चिप नाही. चार वर्षांचा हिशेब चाकांच्या खाचांमध्येच कोरलेला. फक्त २१०० साली ते चुकेल. त्या वर्षाला चारानं भाग जातो, पण ते लीप वर्ष नाही. तेव्हा त्या फेब्रुवारीच्या शेवटी मालकाला हातानं तारीख सरकवावी लागेल. अधिक महिना मात्र या दीडशहाण्या यंत्राला कळत नाही. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ १७ मेला लागतो, हे सांगायला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेलं कालनिर्णयच लागतं. ते १९७३ पासून निघतं आहे, आणि दुधाचा हिशेब लिहायला त्यावर जागाही असते.

अशी सुमारे २८१ घड्याळं झाली. जवळजवळ सगळी सोन्याची, आणि स्टीलची म्हणून जगाला माहीत आहेत ती फक्त चार. कारण अगदी साधं. एवढं महागडं यंत्र घेणारा माणूस श्रीमंतच असणार, आणि श्रीमंताला सोनं हवं होतं. स्टील म्हणजे कारखान्यातल्या, शिपायाच्या, डॉक्टरच्या हातातली चीज. ज्याच्याकडे पैसे होते त्याला स्टील नको होतं आणि ज्याला स्टील चाललं असतं त्याच्याकडे पैसे नव्हते. म्हणून स्टीलमध्ये ती घडलीच नाहीत, आणि घडली नाहीत म्हणून आज त्यांच्यासाठी मारामारी.

हे ऐकून काकाजी म्हणाले, "मंग हे मृग बहारावानी झालं. साऱ्याइच्या बगीच्यात संत्रा लागला का भाव पडते. एखाद्याचाच मृग फुटला, का तो राजा."

निम्मं बरोबर होतं. फरक एवढाच, की मृग बहार सगळ्यांनाच हवा असतो, येत नाही म्हणून दुर्मीळ. स्टीलचं १५१८ कोणालाच नको होतं, म्हणून दुर्मीळ. पाऊस-पाण्यानं आलेली टंचाई आपल्याला समजते. नावडीतून आलेली टंचाई समजायला सत्तर-ऐंशी वर्षं जावी लागतात.

पुढं घड्याळवाल्यांनी ही टंचाई मुद्दाम पिकवायला घेतली, तीही गंमतच. २५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सैको कंपनीनं क्वार्ट्‌झचं मनगटी घड्याळ विकायला काढलं. सेलवर चालणारं, चावी द्यायला नको, आणि बिनचूकपणात स्विस कारागिरांच्या पिढ्यांना मागं टाकणारं. तिकडं एकामागून एक कारखाने बसू लागले. अशा पडत्या काळात, १९७२ साली, ऑदमार पिगे या कंपनीनं रॉयल ओक नावाचं स्टीलचं घड्याळ काढलं. जेराल्ड जेन्टा या माणसानं त्याचा आराखडा म्हणे एका रात्रीत काढला. अष्टकोनी चौकट, तिच्यावर आठ स्क्रू उघडे. आपल्याकडे स्क्रू दिसला तर सुताराला बोलणी बसतात. इथं तोच दागिना. किंमत ३,३०० स्विस फ्रँक, बाजारातल्या कितीतरी सोन्याच्या घड्याळांहून जास्त. लोक हसले. मग १९७६ ला पाटेकनं नॉटिलस काढलं आणि जाहिरातीत उलट फुशारकीच मारली, की जगातल्या सर्वांत महाग घड्याळांपैकी एक स्टीलचं आहे. हसणाऱ्यांची नातवंडं आज त्याच घड्याळांसाठी नंबर लावून बसतात.

नंबर लावण्याचं आम्हा वर्धा जिल्ह्यातल्या लोकांना काही शिकवायला नको. बजाज घराणं वर्ध्याचं, आणि त्यांची चेतक स्कूटर आली तीही १९७२ सालीच. पैसे भरून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि मध्येच निकड लागली तर वापरलेली गाडी नव्याहून जास्त पैसे मोजून घ्यायची, हा व्यवहार आपल्या मागच्या पिढीनं केलेला आहे. नॉटिलसचं ५७११ नंबरचं स्टीलचं घड्याळ २०२१ साली बंद झालं, तोवर त्याची गत हीच होती: दुकानात यादी आणि बाहेर कितीतरी पट भाव. फरक मनाचा. चेतकच्या रांगेत आपण चडफडत उभे होतो, कारण सरकारी परवान्यानं कारखान्याचे हात बांधले होते. घड्याळाच्या रांगेतला माणूस मिरवत उभा असतो, कारण कंपनी थोडीच करते हे त्याला पक्कं ठाऊक आहे. उद्या भरपूर मिळू लागली तर पहिला नाराज तोच होईल.

पण नुसती टंचाई म्हणजे ओढ नव्हे. या नादाच्या मुळाशी आणखी एक सुख आहे. सोन्याचं घड्याळ लग्नाच्या पंगतीत बसलं की वाढप्यापासून वरमाईपर्यंत सगळ्यांना दिसतं. स्टीलचं दिसतं ते फक्त जाणकाराला. कोटी रुपयांचं स्टील हातात घालून एखादा तळेगाव-आर्वी एस.टी.त चढला, तर कंडक्टर त्याच्याकडे सुटे पैसेच मागणार. खिसेकापूसुद्धा मोबाइलवरच हात टाकणार. हजार माणसांत एकालाच कळावं आणि त्या एकानं नुसती मान हलवावी, यात मोठी चैन आहे. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत समेवर योग्य जागी दाद देणारा एखादाच असतो आणि गवई त्या एकाकडेच बघून गातो, ते आपल्याला माहीत आहे. मात्र गवई गातो तरी. घड्याळवाला नुसता बाही वर करतो.

या जाणकारीचे नियम ऐकले की आपण आयुष्यभर चुकीच्या गोष्टी जपल्या असं वाटायला लागतं. जुन्या घड्याळाला पॉलिश करायचं नाही. केलं की भाव घसरला. ओरखडे हवेत, पण ज्याचे त्याचे. काही जुन्या काळ्या डायली उन्हानं करड्या-तपकिरी होतात. हा खरं तर रंगातला दोष, पण संग्राहक त्याला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि जास्त पैसे देतात. हे वाचून मला विदर्भाच्या भवितव्याबद्दल आशा वाटली. आमच्याकडच्या मे महिन्यात डायलच काय, दाराला नुकताच दिलेला हिरवा रंगही ट्रॉपिकल होतो. मग डबा आणि कागद. मूळ खोकं, मूळ वॉरंटी, दुकानदाराचा शिक्का असलेली पावती असेल तर भाव वेगळा. आपल्याकडे घड्याळ घरी आलं की त्याचं खोकं त्याच संध्याकाळी आईच्या ताब्यात जायचं आणि त्यात बटणं, हुक आणि दोऱ्याची रिळं नांदायची. वॉरंटीचा कागद गादीखाली जायचा, आणि तो सापडायचा तेव्हा मुदत संपलेली असायची.

आणि या सगळ्यावर मात करते ती गोष्ट. अमेरिकन नट पॉल न्यूमन याला मोटारींच्या शर्यतींचा नाद. त्याच्या बायकोनं, जोॲन वुडवर्डनं, त्याला रोलेक्सचं डेटोना घड्याळ दिलं. साधं स्टीलचं. तेव्हा त्या नमुन्याला दुकानात गिऱ्हाईक मिळत नसे. मागच्या बाजूला तिनं तीन-चार शब्द कोरून घेतले होते, 'जपून चालव, मी' अशा अर्थाचे. १९८४ च्या सुमारास न्यूमननं मुलीच्या मित्राला वेळ विचारली. त्या पोराकडे घड्याळच नव्हतं. न्यूमननं हातातलं काढून त्याला देऊन टाकलं, आणि चावी देत गेलास तर वेळ बरी दाखवतं, असं सांगितलं. पोरानं ते बरीच वर्षं रोज वापरलं. २०१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला लिलावात त्याचे एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलर आले.

स्टीलवर नाव कोरून किंमत वाढवायची ही युक्ती आपल्या बायांना आधीपासून ठाऊक होती. पितळ मोडीत देऊन स्टील घ्यायचे दिवस आले तेव्हा लग्नातल्या प्रत्येक गुंडावर, डब्यावर, पेल्यावर नाव आलं. भांड्याच्या दुकानात कोरणारा माणूस बसलेला असायचा. विजेची सुई घरघरायची आणि 'चि. सौ. कां. अमकीस मामाकडून सप्रेम भेट' हे एका दमात उमटायचं. आमच्या घरच्या एका ताटावर आत्याचं नाव आहे, खाली लग्नाची तारीख आहे, आणि जागा संपल्यामुळे 'सप्रेम' मधला 'म' काठावर चढलेला आहे. ते ताट लिलावात कोणी घेणार नाही. पण पाहुण्याला दुसरं ताट देऊन ते मात्र घरच्या माणसापुढेच का वाढतात, याचं कारण न्यूमनच्या घड्याळाच्या कारणाहून निराळं नाही.

भारताचा आणि स्टीलच्या घड्याळाचा जुना संबंध याहून रंजक आहे. १९३० च्या सुमारास इथले इंग्रज अधिकारी पोलो खेळत आणि चेंडू-काठीच्या मारानं घड्याळाच्या काचा फुटत. त्यांची ही तक्रार स्वित्झर्लंडच्या एका घड्याळ-व्यापाऱ्याच्या कानावर गेली, आणि १९३१ साली जेजर-लकूल्त्रनं रिव्हर्सो हे चौकोनी घड्याळ काढलं. त्याची डबी चौकटीत सरकवून उलटी करायची. काच आत, स्टीलची पाठ बाहेर. एवढी कारागिरी, एवढे पेटंट. आमच्याकडे कबड्डीला उतरणारा गडी घड्याळ काढून बाहेर बसलेल्या मित्राच्या हाती द्यायचा. मित्र ते स्वतःच्या मनगटावर चढवून गावात एक चक्कर मारून यायचा. तेवढाच धोका.

आमच्या जिल्ह्यात जगातलं सर्वांत काटेकोर घड्याळ मात्र होऊन गेलं. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. कमरेला दोरीनं अडकवलेलं खिशातलं घड्याळ ही त्यांच्या मोजक्या वस्तूंपैकी एक. सोबतचे लोक त्या घड्याळाला घाबरून असत. प्रार्थना, चरखा, भेटी, सगळं मिनिटावर. त्यांच्या वापरातलं एक झेनिथ कंपनीचं घड्याळ १९४७ साली प्रवासात चोरीला गेलं, आणि काही महिन्यांनी चोरानं ते परत आणून दिलं. घड्याळाच्या व्यापारात याहून मोठी वॉरंटी ऐकिवात नाही. हे घड्याळ स्टीलचं नव्हतं, चांदीचं होतं, पण त्याचं मोल धातूत नव्हतंच. २००९ च्या मार्चमध्ये ते चष्मा, चपला, वाटी आणि ताटलीसह न्यूयॉर्कला लिलावात निघालं. अठरा लाख डॉलरला ते कोणी घ्यावं? मद्याचे कारखानदार विजय मल्ल्या यांनी. आमचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावानं दारूबंदीचा. बापूंचं घड्याळ दारूच्या पैशानं सोडवलं गेलं, हे ऐकल्यावर इकडं हसावं की रडावं ते कळेना. संग्राहकाच्या दुनियेत असंच असतं. वस्तू कोणी वापरली याला किंमत, कोण विकत घेतो याला नाही.

आता आपल्या घरातल्या स्टीलकडे येतो. एचएमटीनं जपानच्या सिटिझनशी हातमिळवणी करून १९६१ साली बंगळुरूला मनगटी घड्याळं करायला घेतली. जनता, पायलट, कोहिनूर, कांचन. त्यांतलं कांचन तर कित्येक लग्नांत जावयाच्या बाजूनं मागून घेतलं जायचं. बहुतेक मास्तर, तलाठी, कंडक्टर यांच्या हातात जनता असायचं. सकाळी दाढी झाली की चावी द्यायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ती कुरकुर करायची, आणि पुढं जाईना झाली की थांबायचं. पुढं टायटनचं सेलवालं घड्याळ आलं, मग मोबाइल आला, आणि २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचं ठरलं. तेव्हापासून ज्यांनी ही घड्याळं ड्रॉवरमध्ये फेकली होती त्यांचीच मुलं ती शोधत हिंडताहेत. मुंबईत जुन्या मशीनवर नवी रंगवलेली डायल बसवून जुनं म्हणून विकण्याचा धंदा तर परदेशापर्यंत गाजला आहे. इथंही तोच नियम: कालपर्यंत नको असलेलं, आज हवं.

असंच एक जनता घेऊन मी घड्याळजीकडे गेलो होतो. रस्त्याकडेला काचेची पेटी, वर छत्री, आत सेल, पट्टे आणि काट्यांच्या पुड्या. त्यानं पात्याच्या टोकानं पाठीचं झाकण टचकन उघडलं, डोळ्याला भिंग चढवलं आणि मला आत बघायला लावलं. सतरा ज्वेल म्हणजे सतरा लालसर ठिपके, आणि मध्ये केसासारख्या स्प्रिंगवर मागंपुढं डोलणारं बॅलन्सचं चाक. सेकंदाला पाच ठोके, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. तेल सुकलं होतं, एवढाच आजार. त्यानं मशीन उकललं, धुतलं, सुईच्या टोकानं तेलाचा इवलासा थेंब ठिकठिकाणी ठेवला आणि परत जोडलं. हे सगळं चालू असताना मागून हमरस्त्यावरचे ट्रक जात होते आणि पेटी हादरत होती. चिमटा मात्र हलला नाही.

"पोराले शिकवलं का हे?" मी विचारलं.

"तो कायले शिकते? मोबाइल दुरुस्तीत पैसा हाय. माह्याकडे दिवसाले चार सेल बदलाले येते लोक, बस."

तेव्हा काकाजींना उत्तर द्यायचं ते असं. सोनं महाग असतं कारण ते सगळ्यांना हवं असतं, सगळा काळ. स्टील महाग होतं, कारण कधीतरी ते कोणालाच नको होतं आणि थोडंच उरलं. सत्तर कोटी देणारा माणूस धातूचे पैसे देत नाही. सगळ्या जगानं दुर्लक्ष केलं तेव्हा जे टिकलं, त्याचे देतो. तो वेडा असेल, पण मूर्ख नाही.

हाच नियम तळेगावाला लावला तर आज आपल्याला काय नको आहे, हे बघायला हवं. घड्याळं पुष्कळ आहेत. प्रत्येक घरात एखादं बंद पडलेलं सापडेल. दुर्मीळ होतो आहे तो छत्रीखाली बसलेला माणूस, ज्याच्याकडे आता कोणी काम नेत नाही. तो उठून गेला की स्वित्झर्लंडमधून मागवता येणार नाही आणि त्याचा लिलावही होणार नाही. म्हणून एक विनंती: घरातलं वडिलांचं, आजोबांचं घड्याळ काढा, त्याच्या भावाची चौकशी नंतर करा, आधी ते घेऊन त्याच्याकडे जा. सर्व्हिसिंगला तो मागेल तेवढे पैसे द्या. घासाघीस करू नका.